ती खुर्ची मी घेऊ का?

वाचकाचं पत्र

आदरणीय नाना, सप्रेम नमस्कार.

मी खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी वकिली करते. सुरुवातीची काही वर्षं ज्यांच्याकडे ज्युनिअर होते, ते सर आमच्या सत्र न्यायालयात अतिरिक्त सरकारी वकील होते. त्यांच्याकडे एक खटला चालू होता. रात्री नदीतून वाळू उपसणाऱ्या डंपरचा मोबाइलवर व्हिडिओ काढला म्हणून एका शेतकऱ्याच्या मुलाला लोखंडी सळईने मारलं. मुलगा वाचला, पण उजवा हात निकामी झाला. २०२५ च्या सुरुवातीची घटना, खुनाच्या प्रयत्नाचं कलम, आणि आरोपींत इथल्या सत्ताधारी पुढाऱ्याचा पुतण्या. दोन साक्षीदार फितूर झाले, पण डॉक्टरांची साक्ष भक्कम झाली. त्यानंतर सरांना फोन आला, "हा आंदोलनातला गुन्हा आहे, खटला मागे घ्यायचा अर्ज टाका." सर म्हणाले, लेखी द्या. लेखी काही आलं नाही. आलं ते एका ओळीचं पत्र, सेवा तात्काळ संपुष्टात. त्यांची मुदत अजून बरीच शिल्लक होती.

आता सरांच्या जागेसाठी त्याच लोकांचा मला निरोप आहे, "ताई, तुमचं नाव लावतो." घरचे म्हणतात घे, मुलीच्या शिक्षणाचं बघ. मलाही वाटतं, मी नाही घेतली तर त्यांचा माणूस बसेल. सर म्हणतात, जाऊ दे, सरकार कुणाचंही येवो, हे असंच चालतं. पुण्याचा भाऊ म्हणतो, अमेरिकेतसुद्धा सरकारी वकिलांना घरी बसवतायत, तू एकटी काय करणार? आणि त्या मुलाची आई परवा कोर्टाच्या पायरीवर मला विचारत होती, "ताई, आते मन्हा पोरना खटला कोन चालाडी?" मला उत्तर देता आलं नाही. काय करू?

— एक वकील भगिनी

उत्तर

ताई,

ही खुर्ची आत्ता घेऊ नका. पण एवढंच सांगून थांबलो तर तुमच्या पत्रातला सगळ्यात मोठा प्रश्न, त्या माउलीचा, तसाच राहील. त्याचं उत्तर तुमच्याकडेच आहे आणि त्यासाठी सरकारी नेमणूक लागत नाही. तिथवर येतोच.

आधी तुमचा तो युक्तिवाद घेऊ, कारण तो खरंच वजनदार आहे. चांगल्या माणसांनी हात झटकले की वाईटांचं फावतं, हे मी धुळ्याच्या कोर्टात वकिली करता करता अनेकदा पाहिलंय. पण इथे तो लागू पडत नाही. सरांची नेमणूक रीतसर होती, मुदत शिल्लक होती, नाव होतं. तरी एक 'नाही' म्हटल्यावर ते बाहेर गेले. तुम्ही त्याच लोकांच्या शिफारशीवर बसणार. मग पुढचा फोन तुम्हाला येईल, तेव्हा नाही म्हणायची तुमची ताकद सरांपेक्षा जास्त असेल की कमी? तुमच्या प्रामाणिकपणावर मला तिळमात्र शंका नाही. शंका आहे ती त्या बसण्याच्या पद्धतीवर. शिवाय गावात बोललं काय जाईल, याचाही विचार करा. "सरांची ज्युनिअरच फोडली" ही एक बातमी पुरे आहे. उरलेले साक्षीदार पिंजऱ्यात उभे राहायच्या आधीच खचतील. दोन फितूर झालेत, तिसरा व्हायला फार काही लागत नाही.

आणि "तुमचं नाव लावतो" म्हणणाऱ्याला ते लावायचा अधिकारच नाही. सत्र न्यायालयातल्या सरकारी वकिलांच्या नावांची यादी जिल्हा दंडाधिकारी, म्हणजे कलेक्टर, तयार करतात. त्या यादीबाहेरच्या माणसाला नेमता येत नाही, आणि किमान ७ वर्षांची वकिली लागते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ही यादी सत्र न्यायाधीशांच्या विचाराने करायची असं होतं. महाराष्ट्राने १९८१ मध्ये दुरुस्ती करून न्यायाधीशांचं नाव तिथून काढलं आणि राज्य सरकारची मान्यता घातली. सरकारी वकिलांच्या नेमणुका सरकार बदललं की का बदलतात, याचं बरंचसं मूळ मला त्या दुरुस्तीत दिसतं. १ जुलै २०२४ पासून देशभर लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८ मध्ये सत्र न्यायाधीशांशी विचारविनिमय पुन्हा लिहिलेला आहे. तेव्हा निरोप घेऊन येणाऱ्याला एवढंच विचारा, की यादी कधी झाली, न्यायाधीशांचा अभिप्राय कधी घेतला, माझा अर्ज कुठे आहे? उत्तर मिळणार नाही. उद्या रीतसर अर्ज मागवले आणि दुसऱ्या कोर्टासाठी तुमचं नाव यादीत आलं, तर मात्र खुशाल जा. तुमच्यासारखी माणसं तिथे हवीत.

आता सरांबद्दल. त्यांच्या 'जाऊ दे'वर रागावू नका. ज्या कोर्टात इतकी वर्षं मान मिळाली, तिथेच पुन्हा बाकावर येऊन बसायचं, हे सोपं नसतं. पण त्यांना माझ्या वतीने सांगा, आपल्याकडे सालदारालासुद्धा वर्ष भरायच्या आत कारण न सांगता कुणी घालवत नाही. ही तर कायद्याने दिलेली सार्वजनिक जबाबदारी आहे.

हे नुसतं माझं मत नाही. उत्तर प्रदेशात डिसेंबर १९८९ मध्ये नवं सरकार आलं आणि ६ फेब्रुवारी १९९० च्या एका परिपत्रकाने राज्यातल्या सगळ्या जिल्ह्यांतल्या सगळ्या सरकारी वकिलांच्या नेमणुका महिनाअखेरीस संपवल्या. दिवाणी, फौजदारी, महसुली, सगळ्याच. कुमारी श्रीलेखा विद्यार्थी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते परिपत्रक रद्द केलं. सरकारी वकिलाचं पद हे सार्वजनिक स्वरूपाचं आहे, ते वकील आणि अशील यांच्यातलं खासगी नातं नव्हे, आणि सरकारने कंत्राटी नेमणूक संपवतानाही संविधानाच्या अनुच्छेद १४ प्रमाणे मनमानी करता कामा नये, असा त्याचा गाभा. २०१६ मध्ये पंजाब-हरियाणातल्या सरकारी वकिलांच्या प्रकरणातही सर्वोच्च न्यायालयाने हेच धरून सांगितलं, की या नेमणुका वशिल्यावर वाटायच्या नसतात, निवड पारदर्शक हवी.

पण दुसरी बाजूही सरांना माहीत असायला हवी, खोटी आशा मी देणार नाही. २००४ च्या जोहरी मल निकालात त्याच न्यायालयाने म्हटलं, की मुदतवाढ हा हक्क नाही आणि अशा नेमणुकांत कोर्टाचा हस्तक्षेप मर्यादितच राहील. म्हणून सरांच्या प्रकरणात कळीची गोष्ट एकच, त्यांची मुदत संपलेली नव्हती. मुदतवाढ नाकारणं वेगळं आणि मुदतीच्या मध्येच, कारण न देता, एक खटला मागे घ्यायला नकार दिल्यावर काढणं वेगळं. औरंगाबाद खंडपीठात जायचं असेल तर लवकर जा. वर्षभर गप्प बसून मग गेलेल्या माणसाला पहिला प्रश्न उशिराचाच विचारतात.

त्याआधी एक काम आजच करायचं. तो फोन कधी आला, कोणाचा, नेमके शब्द काय, सरांनी काय उत्तर दिलं, त्या वेळी चेंबरमध्ये कोण होतं, हे सगळं तारखेसह लिहून विधी व न्याय विभागाला निवेदन म्हणून पाठवा. पोहोच घ्या, किंवा स्पीड पोस्टाने धाडा. लेखी आदेश मागणारा माणूस स्वतःही लेखी राहिला पाहिजे. मग माहिती अधिकाराचा अर्ज. तो तुम्ही नाही, सरांनीच करावा, म्हणजे 'त्रयस्थाची वैयक्तिक माहिती' ही सबब उरत नाही. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा आणि नेमकं मागायचं: नेमणूक मुदतीआधी संपवण्याचा प्रस्ताव कुणी मांडला, कोणत्या तारखेला, कोणत्या कारणावरून, कलेक्टरांचा आणि जिल्हा सरकारी वकिलांचा अहवाल, फाइलीवरच्या टिपण्या, कुणा लोकप्रतिनिधीचं पत्र असेल तर तेही. ३० दिवसांत उत्तर आलं नाही की पहिलं अपील. 'कारणं कोणतीही नोंदवलेली नाहीत' असं उत्तर आलं तर ते सरांच्या याचिकेला सगळ्यात जास्त उपयोगी पडेल.

मला या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. जबाबदारी निश्चित करा, अशी मागणी आपण सभेत करतो, पण माणूस कोण आणि कागद कोणता हे हातात नसतं. मग मंत्री म्हणतो विभागाने केलं, विभाग म्हणतो कलेक्टरांचा अहवाल होता, कलेक्टर म्हणतात आम्हाला विचारलंच नाही. त्या साखळीतलं प्रत्येक नाव सहीसकट बाहेर आल्याशिवाय कुणाला जाब विचारणार?

तुमच्या भावाचं अमेरिकेचं उदाहरणही नीट बघितलं तर हेच सांगतं. ७ डिसेंबर २००६ ला तिथल्या सात संघराज्य सरकारी वकिलांना एकाच दिवशी राजीनामे द्यायला सांगितले. ते वरवर सरकारच्या अधिकारातच होतं. पण संसदेच्या समित्यांनी ईमेल मागवले, शपथेवर जबान्या घेतल्या, आणि दिलेली कारणं टिकेनात. ऑगस्ट २००७ मध्ये न्याय विभागाचे प्रमुख, अॅटर्नी जनरल अल्बर्टो गोन्झालेस यांनी राजीनामा जाहीर केला, २००८ मध्ये विभागाच्याच महानिरीक्षकांचा अहवाल आला. पुढे फौजदारी खटला मात्र कुणावरही झाला नाही, हेही खरं. परवाचं बघा, फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कचे तेव्हाचे महापौर एरिक अॅडम्स यांच्यावरचा भ्रष्टाचाराचा खटला मागे घ्या असा वरून आदेश आला. मॅनहॅटनच्या प्रभारी सरकारी वकील डॅनिएल सॅसून यांनी नकाराची कारणं लांबलचक पत्रात लिहिली आणि राजीनामा दिला, पाठोपाठ आणखी काहींनी दिले. शेवटी खटला बंद झाला, पण सरकारने मागितला तसा नाही. सरकारला तो पुन्हा उघडण्याची मुभा हवी होती. न्यायाधीश डेल हो यांनी २ एप्रिलला ती नाकारली, म्हणजे त्या खटल्याची टांगती तलवार दाखवून महापौरांना वाकवता येऊ नये. त्या बाईंचं पत्र नसतं तर आत काय चाललं होतं ते जगाला कळलंच नसतं. तेव्हा भावाला सांगा, तिकडेही माणसं गेली, पण कागद ठेवून गेली.

लांब कशाला, आपल्या जळगावचं घरकुल प्रकरण, म्हणजे पालिकेच्या घरबांधणी योजनेतला घोटाळा, घ्या. तत्कालीन महापालिका आयुक्त प्रवीण गेडाम यांनी २००६ मध्ये फिर्याद दिली आणि धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१९ ला निकाल दिला. माजी मंत्री सुरेश जैन, गुलाबराव देवकर यांच्यासह ४८ जणांना शिक्षा झाली. मधल्या १३ वर्षांत मुंबईत किती मुख्यमंत्री आले-गेले, मोजा. दर बदलाला सरकारी वकिलाची खुर्ची हलवायची म्हटलं असतं तर तो खटला कधीतरी उभा राहिला असता का? मोठ्या माणसावरचा खटला सरकारांपेक्षा जास्त काळ चालतो, म्हणूनच तो चालवणाऱ्याला सरकारपासून थोडं अंतर लागतं.

आणि उलट बाजूही खानदेशाने पाहिली आहे. मार्च २०२२ मध्ये विधानसभेत विरोधी पक्षनेत्यांनी पेन ड्राइव्ह देऊन आरोप केला, की एक विशेष सरकारी वकील सत्ताधाऱ्यांशी संगनमत करून विरोधी नेत्यांना जळगावच्या एका प्रकरणात अडकवतायत. संबंधित वकिलांनी आरोप नाकारले, पुढे तपास केंद्रीय यंत्रणेकडे गेला. त्यातलं खरं-खोटं ठरवणं आपलं काम नाही. पण सरकारी वकील कुणाच्या तरी खिशात असतो असा समज लोकांत रुजला, की सरांसारख्या सरळ माणसाला काढल्यावरही लोक म्हणतात, 'तोही कुणाचा तरी असेल.' म्हणून मी सरकारी वकिलाला कधीच काढू नये असं म्हणत नाही. साक्षीदारांशी हातमिळवणी केली, तारखांना हजर राहिला नाही, तर जरूर काढा. कारण लिहा, त्याचं म्हणणं ऐका, मग काढा.

बाररूममध्ये मोर्चाचं आणि कामबंदचं चाललं असेलच. कामबंद नको. हरीश उप्पल प्रकरणात २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलांच्या संपाला मनाई केली आहे, आणि त्या दिवशी ज्या कच्च्या कैद्याचा जामीन लांबेल त्याचा यात काय दोष? त्यापेक्षा बारने ठराव करावा, की मुदतीआधी काढण्याचं कारण जाहीर करा आणि नवी नेमणूक यादीतूनच करा. ठरावाची प्रत प्रमुख जिल्हा न्यायाधीशांना आणि कलेक्टरांना. पक्षाची नावं त्यात नकोत, नाहीतर अर्धी बार सहीच करणार नाही.

घरच्यांचं म्हणणं चुकीचं नाही. मुलीची फी दर वर्षी भरावीच लागते. पण सरकारी वकिलीचं मानधन किती आणि ते किती महिन्यांनी हातात पडतं, हे एकदा सरांकडून नीट समजून घ्या. त्या पैशासाठी सध्याचे अशील सोडायचे का, याचं उत्तर त्या आकड्यातच मिळेल.

आता ती माउली.

खटला मागे घ्यायचा तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६० प्रमाणे सरकारी वकिलाने अर्ज करावा लागतो आणि कोर्टाची परवानगी लागते. अर्ज करताना त्याने स्वतःची बुद्धी वापरायची असते, वरचा निरोप पोहोचवायचा नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितलंय. जुलै २०२१ मध्ये तर केरळच्या विधानसभेत मोडतोड करणाऱ्या आमदारांवरचा खटला मागे घेण्याची सरकारची विनंतीही त्या न्यायालयाने फेटाळली. तिथे निदान विरोध-प्रदर्शनाचा मुद्दा होता. रात्री सळईने पोराचा हात मोडणं हे कोणतं आंदोलन? आणि नव्या संहितेत एक फार मोलाची भर पडली आहे. पीडिताला म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय कोर्टाला खटला मागे घेऊ देता येत नाही. तुमची घटना २०२५ ची, म्हणजे हे कलम तुम्हाला थेट लागू.

तेव्हा तुम्ही त्या मुलाच्या वतीने वकीलपत्र दाखल करा. पीडिताला सरकार पक्षाच्या मदतीसाठी स्वतःचा वकील देता येतो, कोर्टाच्या परवानगीने. सरतपास, उलटतपास सरकारी वकीलच घेतील, तुम्ही त्यांच्या सूचनेप्रमाणे काम कराल, पण पुरावा संपल्यावर लेखी युक्तिवाद देता येतो. आणि मुख्य म्हणजे त्या कोर्टात प्रत्येक तारखेला त्या पोराच्या बाजूने कुणीतरी डोळे उघडे ठेवून बसलेलं असेल. ही जागा तुम्हाला कुणी एका ओळीच्या पत्राने काढून घेऊ शकत नाही. फी किती घ्यायची ते तुम्ही आणि ती माउली ठरवा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडूनही मदत मिळू शकते, विचारा.

तो व्हिडिओ आधी बघा. मूळ मोबाइल मुद्देमालात जमा आहे का, की नुसता पेन ड्राइव्ह आहे? इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागणारं, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडलंय का, दोन्ही भाग भरलेत का? खटला कच्चा करायचा असेल तर अर्ज टाकायचीही गरज नसते, एक प्रमाणपत्र 'राहून' गेलं की पुरे. सरांनी फाइल सोपवताना कागदांची यादी करून पोहोच घेतली नसेल, तर आजही ती तयार करून पाठवावी: टिपणं, साक्षीदारांची यादी, पेन ड्राइव्ह, सगळं. उरलेल्या साक्षीदारांना धमक्या येत असतील तर साक्षीदार संरक्षणाचा अर्ज लगेच करा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच ती योजना देशभर लागू केली आहे, आणि संरक्षणाचा निर्णय जिल्ह्याची जी समिती घेते तिचे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश असतात, पुढारी नव्हे.

नवे सरकारी वकील रुजू झाले की त्यांना जाऊन भेटा. ते त्यांचेच, असं धरून जाऊ नका. कदाचित तेही लेखी मागणारे निघतील, आणि तसं असेल तर त्यांना तुमच्या मदतीची फार गरज पडेल. पण मागे घेण्याचा अर्ज दाखल झालाच, तर त्याच दिवशी प्रत मागा, लेखी हरकत द्या आणि पीडिताला ऐकायचं म्हटल्याची नोंद रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामाच्या नोंदीत, झाली का ते बघूनच कोर्टाबाहेर पडा. नोंद नसेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी तेवढ्याच एका मुद्द्यावर पुन्हा अर्ज.

तुमचा,
नाना